वाघदेवाची खिंड

"माझ्या पोरानं त्या सायबाला नाय मारलं," धोंडीबाई म्हणाली, आणि समोर खुर्ची असूनही जमिनीवरच बसली.

शहापूरच्या एसटी स्टँडामागे बियाण्यांच्या दुकानावर रत्ना दळवीचं ऑफिस होतं. खाजगी तपासाची पाटी होती, पण येणारे बहुतेक जण लग्नाआधी मुलाची चौकशी करायला येत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर अनंता फर्डे तिला मदत करत. माणूस आपल्याला चेहऱ्यावरून कळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. फारसा कळत नसे, पण रत्नाने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या सीमेवरच्या गावांसाठी सरकारने एकत्रित विकास आराखड्याला निधी दिला होता. हिरडा, मोह, करवंदं यांच्यावर प्रक्रिया करणारं केंद्र कुठे उभारायचं, हे त्यात ठरणार होतं. जिथे केंद्र तिथे रस्ता, वीज आणि हाताला काम. आराखडा करणाऱ्या संस्थेचा सुरेंद्र गोळे डोळखांबकडच्या धोंडीबाईच्या पाड्यावर शिवारफेरीला आला, गावकऱ्यांबरोबर खिंडीपर्यंत सगळं रान पायी हिंडला, आणि दुसऱ्या दिवशी खिंडीखाली मेलेला सापडला. डोकं मागून दगडाने फोडलेलं होतं. शेवटी त्याच्याबरोबर होता तो धोंडीबाईचा मंगळ्या, म्हणून पोलिसांनी मंगळ्याला उचललं.

कोठडीत मंगळ्या गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"बाकीची माणसं आधीच परतली," तो म्हणाला. "खिंडीत सायबांचा पाय मुरगळला. उतरायचं त्यांच्यानं होईना. म्हणाले, तू जा, पलीकडून गाडीवालं माणूस येणार हाय, तेच मला धरून नेईल. मी पाण्याची बाटली ठेवली न् आलो."

"कोण माणूस?"

"नाव नाय सांगितलं. आधीच ठरलेलं होतं."

"सकाळी तुमचं भांडण झालं म्हणतात."

"मी बोललो, तुमी लोकं ठरवून येता, मग आमाला कशाला चालवता? ते हसले. म्हणाले, ठरवलेलं मोडायलाच चालतोय रे."

बाहेर आल्यावर अनंतांनी मान हलवली. "चेहरा गरीब आहे, पण गरीब चेहऱ्याचेच विनातिकीट सापडतात."

 मागे उभ्या असलेल्या धोंडीबाईने ते ऐकलं होतं, हे अनंतांना उशिरा कळलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पाड्यावरून खिंडीकडे निघाली. मंगळ्या फेरीहून कधी परतला, असं रत्नाने दोन-तीन अंगणांत विचारलं. माणसं सूप पाखडत राहिली. "आमी नाय पाह्यलं," एवढंच उत्तर मिळालं.

चढाखाली धोंडीबाई थांबली. तिने ऐनाच्या तीन डहाळ्या मोडल्या आणि दोघांच्या हातात एकेक दिली.

"वर नुसता कातळ हाय, पानसुद्धा मिळत नाय. डहाळी खालूनच न्यायची. वाघदेवाला दिली का तो घरी सुखरूप पोचवतो. दोनी अंगाची माणसं देतात, कामाच्या घाईतबी कोणी चुकत नाय."

पौषातलं ऊन होतं, तरी खिंडीत अंगावर शहारा येत होता. पाखरांचा आवाज नव्हता. कड्याच्या पोटाशी शेंदूर माखलेला दगड होता आणि त्याच्यापुढे पानांची रास. फेरीच्या माणसांनी वाहिलेला ऐन आता अर्धवट सुकला होता.

अनंता डहाळी टाकायला वाकले.

"काका, त्यावर नको, बाजूला ठेवा," रत्ना म्हणाली.

ती उकिडवी बसून रास निरखत होती. सगळ्यात वर एकच डहाळी वेगळी होती, रुंद तुकतुकीत पानांची.

"हा करंज," अनंता म्हणाले. "लहानपणी याच्याच काडीने दात घासायचो."

"आमच्या अंगाला करंज नाय," धोंडीबाई म्हणाली. "तो खाली, मुरबाडच्या अंगाला ओहोळावर हाय."

"त्या दिवसानंतर इथे कोण कोण आलं?"

"कोण येतंय? पोलीस आमच्या अंगानं आले न् तसेच ओलांडून गेले."

पोरगा कोठडीत कुजतोय आणि ही रत्ना पाला निरखत बसलीय, असं अनंतांना वाटलं. 

तिघं मुरबाडच्या अंगाला उतरली. ओहोळ ओलांडल्यावर वस्ती लागली. घरांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या होत्या आणि अंगणात एक कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवाळी झाली की सगळी वस्ती वीटभट्ट्यांवर जाते, ती पावसाच्या तोंडावर परत येते. ओसाड घरांमधून जाताना अनंतांनी नकळत आवाज उतरवला.

फक्त शेवटच्या फार्महाऊसवर माणसं होती. आराखडा करणाऱ्या संस्थेचे प्रमुख टेंबे तिथे मुक्कामाला होते. मूळचे डोंबिवलीचे, कपड्यांची इस्त्री न मोडलेले.

"त्या दिवशी मी इथेच एकटा होतो. राखणदारही भट्टीवर गेलाय," ते म्हणाले. "सुरेंद्र मनस्वी मुलगा. आराखडा जवळजवळ तयार होता, केंद्र या मागच्या माळावर. याला मध्येच साक्षात्कार झाला की माळावर पाणीच नाही, बारमाही झरा पाड्याकडे आहे. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत ते मांडणार होता. माझं नाक कापलं गेलं असतं."

"तुम्ही खिंडीत गेला होता?"

"गेल्या महिन्यात, एकदाच. लोकांनी तिथे त्या दगडापुढे पाल्याचा केवढा कचरा केलाय! मी आराखड्यात साफसफाईचा मुद्दा घातलाय."

इतक्यात फार्महाऊसचे मालक हनुमान देसले गाडीतून उतरले. जन्म याच वस्तीतला, आता मुरबाडला मोठे ठेकेदार.

"मी त्या दिवशी मुरबाडला होतो," ते म्हणाले. "खिंडीत पाय ठेवून वीस वर्षं झाली. दगडाधोंड्यांवर आपला विश्वास नाही. पण ताई, हे प्रकरण लवकर मिटू दे. मार्चला निधी परत जातो. पाड्यातल्यांनाही मी तेच समजावलंय."

"मागचा माळ कोणाचा?"

"आहे एका ओळखीच्याचा."

परतताना अनंतांनी निकाल देऊन टाकला. "टेंबेच. एकटा होता, राग होता, आणि चेहरा बघा."

"काका, तुमच्या बसमध्ये टेंबे चढले असते तर पुढच्या दाराने चढले असते की मागच्या?"

"पुढच्या. चढायचं मागून, ही रीत अशा माणसांना कुठे माहीत असते?"

"तेच म्हणतेय मी," रत्ना म्हणाली. त्यावर अनंता घरापर्यंत विचार करत राहिले.

शिवारफेरी मुरबाडच्या अंगाने अपुरी राहिली आहे आणि ती पुरी झाल्याशिवाय आराखडा मंजुरीला जाणार नाही, असा निरोप रत्नाने फौजदारांकडून धाडला. दोनच दिवसांत टेंबे, देसले, फौजदार, धोंडीबाई आणि ही दोघं ओहोळावरून खिंड चढू लागली.  देसले सगळ्यांच्या पुढे होते.

खिंडीत पोचल्यावर रत्ना दगडाशेजारी उभी राहिली.

"सुरेंद्रचा पाय मुरगळला होता, म्हणजे तो पलीकडे उतरलाच नाही. तो इथे कोणाची तरी वाट पाहत होता. तो माणूस आला मुरबाडच्या अंगाने. कारण फेरीच्या ऐनावर ही करंजाची डहाळी आहे, आणि करंज फक्त तुम्ही आत्ता ओलांडलात त्या ओहोळावर आहे."

"वस्तीतलं कोणी आलं असेल," टेंबे म्हणाले.

"वस्ती वीटभट्टीवर आहे. या अंगाला दोनच माणसं उरतात. टेंबेसाहेब, तुम्हाला ही रास कचरा वाटते. तुम्ही तिच्यात भर घालणार नाही. डहाळी वाहिली ती इथे जन्मलेल्या माणसाने. सुरेंद्रचा माळाला विरोध होता, आणि तो माळ सातबाऱ्यावर देसलेंच्या मेव्हण्याच्या नावावर आहे. केंद्र येणार हे कळताच घेतलेला."

देसले हसले. "वीस वर्षांत इथे आलो नाही म्हटलं ना? आणि असल्या गोष्टी मी मानत नाही."

"मग डाव्या मुठीत काय आहे?"

देसलेंनी खाली पाहिलं. ओहोळाशी केव्हा तरी, बोलता बोलता, हाताने आपलं काम केलं होतं. मुठीत करंजाची डहाळी होती.

फौजदार हलक्या आवाजात म्हणाले, "कोर्टात एवढ्याने भागणार नाही."

"ठाऊक आहे," रत्ना म्हणाली. "देसले, ती वाघदेवापुढे ठेवा आणि म्हणा, मी त्या दिवशी इथे नव्हतो. मी माफी मागून घरी जाईन."

देसले पुढे झाले. वाकले. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग ते तिथेच कातळावर बसले.

"एकच दिवस गप्प राहा म्हणून सांगत होतो त्याला," ते म्हणाले. "नाही म्हणाला. पाड्याचं पाणी पाड्याला, म्हणाला. खाली कडा होता. दगड हाताशी होता."

"डहाळी कधी ठेवलीस?" धोंडीबाईने विचारलं. "आधी का नंतर?"



"नंतर," देसले म्हणाले. "घरी सुखरूप जाऊ दे म्हणालो."

धोंडीबाईने पदर तोंडावर घेतला. अनंता कातळाला टेकले.

मंगळ्या सुटला त्या दिवशी पाड्यातली माणसं जीप करून शहापूरला आली होती. सुरेंद्रने सांगितल्याप्रमाणे केंद्र झऱ्याजवळ घ्यायचं ठरत होतं. सगळे खुशीत होते, मंगळ्या कोठडीच्या दारात दिसेपर्यंत.

"मी खिंडीतनं परत आलो तवा तुमी सगळी अंगणात होती," तो म्हणाला. "सायेब जित्ता असताना मी घरी होतो. एकानं तरी सांगायचं."

"देसले बोलले का केस लांबली तर योजना परत जाईल," मागून एक म्हातारा पुटपुटला.

"मी सांगितलं होतं रे," धोंडीबाई म्हणाली. "एकट्या आईचं कोण ऐकतंय?"

 मंगळ्याने आईला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि तो मागे चढला.

अनंतांनी आयुष्यभर खच्चून भरलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. या जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. तरी मंगळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा मोकळी राहिली, आणि गाडी वळेपर्यंत तिथे कोणी सरकलं नाही.