ज्वारीच्या पेरांचं कथील

कथील वाकवलं की करकरतं. शुद्ध असेल तर कडकडीत, शिसं मिसळलेलं असेल तर मंद, आणि भेसळ फारच असेल तर मुकं. इंग्रजीत या आवाजाला कथलाचं रडणं म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीत माझे वडील कल्हईसाठी कथलाची कांडी घेताना आधी ती कानाशी धरून वाकवत, मगच दुकानदाराशी पुढचं बोलत. मी धातुशास्त्राची पदवी घेतली, पण कान मात्र त्यांच्याकडून आला.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमचा कारखाना आहे. तिथे डाख द्यायची तार बनते आणि त्यासाठी कथील लागतं. प्रयोगशाळेत जर्मन मशीन आहे, पण तिचा निकाल यायला वेळ लागतो. म्हणून नवा माल आला की आमचे मालक चंद्रशेखरसाहेब स्वतः प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहायचे. मी नमुना वितळवून पातळ कांडी ओतायची, गार झाली की कानाशी वाकवायची आणि मान हलवायची. मग साहेब बाहेर जाऊन "यल्ला, उतरवा" म्हणायचे. मशीन नंतर माझ्यासारखंच सांगायचं. त्या एका मान हलवण्यासाठी मी इथली धूळ, इथला उन्हाळा आणि एकटीचा फ्लॅट सोसत होते, असं म्हटलं तरी चालेल.

२००२ साली साहेबांनी एक मेलेली कंपनी विकत घेतली. नायजेरियातल्या जोसच्या पठारावर इंग्रजांच्या काळात कथलाच्या खाणी चालवणारी, मार्लो टिन नावाची. खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या, लंडनचं ऑफिसही मिटलं होतं. उरलं होतं नाव, एक पितळी शिक्का आणि काही लाकडी पेट्या. आमची स्वतःची कंपनी शारजातल्याच रोला भागातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये सहा वर्षांपूर्वी जन्मलेली. आता माहितीपत्रकावर 'सन १९११ पासून' असं छापता येणार होतं. मागे जोडायला इतिहास तेवढा हवा होता, आणि तो लिहायला साहेबांनी पर्णिकाला आणलं.

पर्णिका त्यांच्या मित्राची मुलगी. जन्म शारजाचा, कॉलेज अल ऐनचं. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. पहिल्याच दिवशी तिने मला आंटी म्हटलं, तेव्हाच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिला टेबल दिलं माझ्या प्रयोगशाळेत, कारण तिथला एसी चांगला. तिला आणण्या-नेण्याचं कामही माझ्याकडे, कारण ती माझ्या वाटेवर राहायची. गाडीत बसली की पट्टा लावायच्या आधी ती रेडिओ लावायची, तोही मोठ्याने.

पेट्या आल्या. त्यांत फोटो होते. पिसांच्या टोप्या घातलेले गोरे साहेब, त्यांचा क्लब, त्यांचे घोडे. मागे डोंगर पोखरून केलेले खड्डे आणि खड्ड्यांच्या उतारावर डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग. एका पेटीच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेली जुडी सापडली. गव्हाच्या काडीएवढ्या बारीक, करड्या कांड्या. कांड्यांवर ठरावीक अंतराने पेरं उमटलेली होती. मी लगेच ओळखलं. इंग्रज यायच्या आधी तिथले लोक स्वतःच कथील गाळायचे आणि ज्वारीच्या बारीक धाटांभोवती माती थापून केलेल्या साच्यात ओतायचे. मार्लो टिनने सरकारी परवाना आणला, त्यांच्या भट्ट्या बंद पाडल्या आणि त्याच माणसांना मजुरीवर खड्ड्यात उतरवलं. या कांड्या त्या आधीच्या असणार.

मी एक वाकवली. स्वच्छ, कडक आवाज आला. पर्णिकाने हात पुढे केला, तेव्हा मी तिलाही एक दिली. तिने ती कानाशी नेली, अर्धवट वाकवली आणि तशीच थांबली.

"आंटी, समवन इज टॉकिंग."

मी हसले. कथलाचे कण एकमेकांवर घसरतात, म्हणून आवाज येतो, असं तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि कांडी पुन्हा कानाशी नेली.

त्यानंतर ती रोज एखादी कांडी वाकवायची आणि मग लिहायला बसायची. तिने लिहिलेलं मी वाचलं. पावसाने खड्ड्याची भिंत कशी सुटते, आधी बारीक माती कशी ओघळते, खाली पाणी आधी पायांना कसं गार लागतं. पेट्यांत यातलं काहीच नव्हतं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं माझे रिपोर्ट त्यांनी कधी शेवटपर्यंत वाचले नव्हते. मला तिचा हेवा वाटला, आणि तो लपवायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही.

डिसेंबरात ग्यांग नावाचा व्यापारी आला. जोसजवळच्या बुकुरूचा, मोठा हसरा माणूस. आम्हाला कथील विकायला आला होता तो. पर्णिकाने कौतुकाने त्याला कांडीत ऐकलेले आवाज म्हणून दाखवले. त्याने चहाचा कप खाली ठेवला. हे कुणी शिकवलं, असं विचारलं. मग साहेब तिला घेऊन गोदामाकडे गेले, तेव्हा तो माझ्याजवळ बोलला. ती त्याच्या आजीची बोली होती, आणि ते शब्द म्हणजे नावं होती. खड्डा खचला की बायका काठावर उभ्या राहून आत गेलेल्यांची नावं घेत. दिवस कलायला लागला की आतून नावं यायला लागत, काठावरच्यांची. मग बायका मुकाट घरी जात. कुणीही ओ द्यायची नाही, असा नियम होता.

"आणि दिली तर?" मी विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याचा कंटेनर जबल अली बंदरातून कधी सुटेल ते विचारलं.

अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे आमच्याकडेही लहानपणापासून सांगतात. मी मनातल्या मनात हसून सोडून दिलं.

ग्यांगचा माल आला त्या दिवशी साहेब नेहमीसारखे आले आणि पर्णिकाच्या टेबलापाशी उभे राहिले. "तिचा कान बघू जरा, उर्मिला," एवढंच म्हणाले. मी ओतलेली कांडी पर्णिकाने वाकवली. मान हलवली. साहेब बाहेर जाऊन "यल्ला" म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांनी दिलेलं एकच दागिन्यासारखं होतं माझ्याकडे, आणि ते ही पोरगी सहज घालून मिरवत होती.

त्यानंतर मी तिची पाठ वळली की कांड्या वाकवायची. डोळे मिटून, मशीन बंद करून. करकर. फक्त करकर.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जुडीत दोनच कांड्या उरल्या होत्या. पर्णिकाने त्यातली एक कानाशी नेली. बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"आंटी, दे आर सेइंग युअर नेम."

"माझं?"

"उर्मिला. व्हेरी क्लिअर. सगळे मिळून."

मला भीती वाटली नाही. आधी आनंद झाला, आणि लगेच चीड आली. हाक माझी, आणि कान तिचा.

मी तिच्या हातातली कांडी हिसकावून घेतली. वाकवली. करकर. उलटी वाकवली. करकर. पर्णिका माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत कीव होती.

ती कीव मला सोसली नाही.

मी कांडी तोंडाजवळ धरली आणि मोठ्याने म्हटलं, "ओ."

काहीच झालं नाही. एसी चालू होता. बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना वाजत होती.

मी कांडी पुन्हा वाकवली. आवाज आला नाही. उरलेली शेवटची कांडी वाकवली. मुकी. कपाटातला शुद्ध कथलाचा नमुना काढला. तोही मुका. पर्णिकाने तो माझ्या हातातून घेतला आणि वाकवला, तर तिच्या हातात तो करकरला.

त्याच आठवड्यात आरशासमोर केसांना क्लिप लावताना माझी करंगळी वाकली.

करकर.

हाड मोडल्याचा आवाज मला कळतो. हा तो नव्हता.

मी प्रत्येक बोट वाकवून पाहिलं. कडकडीत, स्वच्छ. कुठेही शिसं नाही.

डॉक्टरांनी हात तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे. ते अगदी जवळ वाकले होते, तरी त्यांना काही ऐकू आलं नाही. साहेबांनाही येत नाही. ते आता सरळ पर्णिकाच्या टेबलाशी जातात, आणि माहितीपत्रक अजून छापायला गेलेलं नाही, कारण ती म्हणते इतिहास संपलेला नाही.

सकाळी गाडीत बसल्यावर पर्णिका हल्ली रेडिओ लावत नाही. मी स्टिअरिंग धरते, बोटं वाकतात, आणि ती डोकं माझ्या हातांकडे झुकवून बसते. मला फक्त करकर ऐकू येते. माझ्याच हातांतून कोण काय बोलतं, तेही तिलाच कळतं. परवा न राहवून मी विचारलं, "काय म्हणतात गं?" सिग्नलला मी गिअर बदलला, तेव्हा तिने डोळे मिटून ऐकलं आणि मी हलवायची तशी मान हलवली.