अण्णांना हूं कोण म्हणतं?

बसा. दिवा मधी ठेवते, इथं हुमनाबादेत लाइट लवकर येत न्हाई.

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूध उतू गेलं तरी मी आधी मांजराकडं बघते. त्या दुपारी अण्णांची औषधं घेऊन दुबलगुंडीला, माहेरी गेले होते. आमचे अण्णा म्हणजे रामाचार्य. किल्ले, घोडे, भुयारं... एके काळी त्यांच्या कादंबऱ्यांसाठी वाचनालयात भांडणं व्हायची. आता कुत्रं विचारत न्हाई.

त्यांची एक रीत होती. प्रकरण आधी तोंडी सांगायचे, आई समोर बसून 'हूं' म्हणायची, मगच लिहायचे. हूं आलं न्हाई तर घोडा मागच्या दोन पायांवर तसाच उभा! आई गेली आणि लिहिणंच थांबलं.

आणि त्या दुपारी ओसरीवर पाय ठेवला तर आतून आवाज, "किल्लेदार दोरावरून उतरायलाय..."

"हूं," बाईचा आवाज.

मी मनात म्हटलं, ही स्वयंपाकाची राजूबाई! म्हाताऱ्याला गोड बोलून घर लिहून घ्यायलीय. धाडकन दार ढकललं. बाजेवर अण्णा एकटेच. राजूबाई परसातून आली, हाताला भांड्यांची राख.

"मी कामून हूं म्हणू, अक्का? देवाशप्पथ, अण्णा बोलायलेत तवर मी आत पाऊल टाकत न्हाई..."

मला कसलं पटतंय! तिला काढलं, घराला कुलूप लावलं, अण्णांना इथं आणलं.

इथं त्यांनी अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, आजार काहीच न्हाई. अण्णा भिंतीकडं बघत म्हणायचे, "किल्लेदार दोरावर लोंबतोय, वृंदा... कुणी हूं म्हणंना."

एका संध्याकाळी त्यांना श्वास पुरेना. बाप जायलाय डोळ्यांदेखत! त्यांचा हात धरला आणि मीच म्हणाले, "हूं."

तोंडावर रंग आला हो त्यांच्या! घडाघडा सांगू लागले, मी हूं म्हणत राहिले. "किल्लेदाराचे पाय भुईला टेकले. पण खाली अंधारात कुणीतरी आधीच उभं होतं..."

तिथंच थांबले. हात गार पडला.

लोक हळहळतात, गोष्ट अर्धी राहिली म्हणून. अर्धी राहिली असती तर बरं झालं असतं...

हूं.

न्हाई हो... तुम्हाला न्हाई म्हटलं.