डावीकडून चौथी

शहापूरच्या वाचनालयाच्या माडीवर काळूराम सरांनी आसपासच्या लेखकांच्या कागदपत्रांचा संग्रह मांडला होता, आणि तो जपायचं काम नम्रताकडे होतं. ओलसर कागद सावलीत वाळवायचे, मऊ ब्रशनं धूळ काढायची, फोटो बटर पेपरात गुंडाळायचे. बाई कामाला अशी चोख, की तिचा नवरा संदेश चिडवायचा, "माझ्या शर्टाला पण कधीतरी अशी घडी घाल की गो."

२००४चा हिवाळा. म्हशाची जत्रा पांगत आली होती, तेव्हा मुरबाडहून पष्टे गुरुजींची पत्र्याची पेटी आली. गुरुजी कथा लिहायचे आणि शाळेत शिकवायचे. त्यांना जाऊन दहाएक वर्षं झाली होती. नम्रता त्यांचीच विद्यार्थिनी. माणूस मायाळू, पण नावापुढच्या अक्षरांच्या बाबतीत भलता कर्मठ. 'श्री.' राहिला तर लग्नपत्रिका परत पाठवायचे! वर्गात बजावायचे, "नवरा असेल तिला सौ., नसेल तिला श्रीमती. कचेरीवाले काय वाट्टेल ते लिहोत, तुम्ही चुकू नका."

पेटी उघडली तसा डांबरगोळ्यांचा भपकारा आला. त्याच्याखाली आणखी एक वास होता, नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा. बंद पेटीत तो कसा राहिला, कोण जाणे. वरच साहित्य मेळाव्याचा एक फोटो होता. नम्रतानं तो उलटा केला. मागे गुरुजींच्या उभ्या, ठसठशीत अक्षरात डावीकडून सगळ्यांची नावं होती, आणि त्यात एक होतं, 'कै. भागीरथीबाई'.

ती थबकली. ओव्या सांगणाऱ्या भागीरथीबाई गेल्या दिवाळीत वारल्या. त्यांच्या दहाव्याला नम्रता स्वतः गेली होती. मग आधीच गेलेल्या गुरुजींनी त्यांना 'कै.' लावलं कधी?

"सर... हे कुणी लिहिलं असेल?"

काळूराम सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "घरच्यांनी लावलं असंल नंतर."

"अक्षर बघा ना."

सरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो चालू करत होतं, तो चालू होत नव्हता. "अक्षर त्यांचंच हाय गो..." ते हळूच म्हणाले. "तू पुढचे घे."

पुढचे घेतले. जी माणसं गेली, त्या प्रत्येकापुढे 'कै.' होतं, मग ती गुरुजींच्या आधी गेलेली असोत की नंतर. हयात माणसांपुढे 'श्री.' नाहीतर 'सौ.' होतं, एकही चूक नव्हती. आज राहू द्यावं, असं मनात आलं, तोवर हाताला शाळेच्या बक्षीस समारंभाचा फोटो लागला. त्यात ती स्वतः होती, दोन वेण्यांची, बक्षिसाचं पुस्तक छातीशी धरलेली. तिनं तो उलटा केला.

'डावीकडून चौथी: श्रीमती नम्रता संदेश विशे.'

फोटो काढला तेव्हा ती कुमारी होती. गुरुजी गेले तेव्हाही होती. संदेशचं नावसुद्धा त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तिनं अक्षरांवर बोट फिरवलं, तर बोटाला शिसं लागलं.

"सर," तिनं विचारलं, "श्रीमती आजकाल सगळ्याच बायकांना लिहितात ना?"

"लिहितात की. सरकारी कागदावर सगळ्याच श्रीमती." सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "गुरुजी मात्र नाय लिहायचे."

संदेश कसारा घाटात रस्त्याच्या कामावर होता. त्याच्याकडे मोबाइल नव्हता. जुन्या कागदावरचं अक्षर खोडायचं नाही, हा संग्रहाचा पहिला नियम, आणि तो तीच सगळ्यांना शिकवायची. तिनं खणातून रबर काढला, 'श्रीमती' खसाखसा पुसलं आणि तिथं आपल्या हातानं 'सौ.' लिहिलं.

संध्याकाळी संदेश घरी आला तो धुळीनं पांढरा झालेला. ओटीवर मटकन बसला.

"आज वाचलो गो. धोंडा सुटला वरनं. मी बसलेलो तिथंच पडला. तू हाक मारलीस म्हणून उठलो, नायतर..."

"मी?"

"तुझाच आवाज होता. नुसतं 'अहो' म्हणालीस."

नम्रता त्याच्या मळक्या शर्टात तोंड खुपसून रडली. या माणसावर आपला किती जीव आहे, हे तिला त्या संध्याकाळी कळलं. संदेश बिचारा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी देवीला नारळ फोडूनच ती कामावर आली. एकदा बघून कायमचा गुंडाळून टाकू, म्हणून तिनं तो फोटो काढला. तिच्या हातचं 'सौ.' जसंच्या तसं होतं. त्याच्या आधी गुरुजींच्या अक्षरात एक शब्द आला होता.

'कै. सौ. नम्रता संदेश विशे.'

लिहिण्यात कुठेच चूक नव्हती. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईला असंच लिहितात.

तिनं रबर उचलला. 'कै.'वर टेकवलासुद्धा. हे पुसलं तर त्या जागी पुन्हा काय येईल, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. संदेश घाटात होता. पण तिला जगायचं होतं, फार जगायचं होतं. तिनं रबर खणात टाकला आणि खण लावून घेतला.

"झालं का गो?" सरांनी विचारलं. "काय चुकलं नाय ना?"

"नाय सर... बरोबर हाय."

ते 'कै.' अगदी फिकं होतं, नीट पाहिलं तरच दिसावं असं. दुपारी डबा खाऊन आल्यावर तिला राहवेना. तिनं बटर पेपर पुन्हा उघडला.

अक्षर आता एकदा गिरवलेलं होतं.