एकवीस नंबरचा खिळा

भूम गावाच्या बाहेर, माळावर सुरुंगाची दारू बनवायचा एक कारखाना होता. तात्याराव त्याच्या फाटकावर बसत. आत काच, लोखंड चालत नसे. बाया बांगड्या काढून आपापल्या नंबरच्या खिळ्याला अडकवत. शिफ्ट सुटली की तात्याराव एकेक नंबर पुकारत. आतून "आले" असा आवाज आला की बांगड्या परत देत.

एकवीस नंबर त्यांच्या लेकीचा, वृषालीचा. दारू हाताळून तिचे तळवे हळदीसारखे पिवळे झाले होते. गेल्या उन्हाळ्यात शेड उडाली. वृषालीचं काहीच हाती लागलं नाही. जमीन धुतली आणि दारूनं लाल झालेलं ते पाणी टाकीत साठवलं. बांगड्या खिळ्यालाच राहिल्या.

तात्यारावांनी तो नंबर पुन्हा पुकारला नाही. त्यांची बायको जाईबाई रोज विचारायची, "आज तरी हाक मारली का?"

"मेलेल्याला हाका मारत न्हाय म्या," म्हणत ते ताट पुढं ओढत.

आता टाकीवर नवं यंत्र बसलं होतं. जाड भिंतीआड पाण्यावर किरणांचा मारा होई. दारूचं विष तुटे, लाल पाणी नितळ होऊन बाहेर येई. राजेश्वरीबाई ते यंत्र चालवत.

"तात्या, रोज येऊन बघता. नजर लावाल माझ्या मशीनला."

"किती राहिलंय?"

"शेवटचं चाललंय. दिवस मावळेपर्यंत टाकी कोरडी."

"त्यात... माझी पोर हाय, बाई."

राजेश्वरीबाई यंत्राकडे वळल्या.

उन्हं उतरली. नळीतून आडाच्या पाण्यासारखं स्वच्छ पाणी पडत होतं. कडवट वास तेवढा हटत नव्हता. धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी. तात्याराव गुडघ्यावर बसले. नळीशी तोंड नेऊन म्हणाले,

"एकवीस नंबर... बाहेर."

धार तुटली. नळीतून कुणी हळूच म्हणालं, "आले."

त्यांनी मागं पाहिलं. राजेश्वरीबाईंचे ओठ मिटलेले होते. चेहरा पांढरा पडला होता.

फाटकावर आले तर एकवीस नंबरचा खिळा रिकामा.

घरी जाईबाई दारातच उभी होती. आत तीन ताटं वाढलेली.

"मारली ना हाक तुमी," ती म्हणाली. "पोर मोरीत हाय. मघाधरनं हात धुवायलीय. पिवळं निघंना म्हनती..."

मोरीत बांगड्या वाजत होत्या. तात्यारावांना उंबरा ओलांडवेना.

"वृषाली..." त्यांनी हाक मारली. या वेळी नंबर नाही, नाव घेतलं.

बांगड्या थांबल्या. उत्तर आलं नाही. मोरीतून अंगणात पाणी मात्र येत राहिलं, लाल.