कात्री कोण बिघडवतंय?

"कर्रर्र!" कात्रीने कापड कापायचं सोडून चावलं आणि मावशीने कपाळावर हात मारला.

"गेला! हाही कोट गेला! अहो, परवाच तर धार लावून आणलेली कात्री ही!"

शाळेच्या बँडसाठी कोट शिवायचे होते. लाल कापडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. टेबलापलीकडे कटिंगवाली ताई मान खाली घालून उभी होती. मावशीच्या शिवणाच्या दुकानात ती नुकतीच कामाला लागली होती.

"मी कापडाशिवाय दुसरं काही कापत नाही हो. साध्या कागदालाही लावत नाही," ती म्हणाली.

"मग ती काय आपोआप बोथट होते? आज संध्याकाळपर्यंत बघते. नाहीतर उद्यापासून दुसरी कोणीतरी शोधावी लागेल!"

मावशीची भाची भिंगरी हे दारातून ऐकत होती. सुट्टीत मावशीकडे आल्यापासून ही बया जो भेटेल त्याच्यावर संशय घेत सुटली होती. आधी दूधवाला, मग पोस्टमन, आणि मग ताई! "मावशी, ती पिशवीतून एक चिंधी काढते आणि कात्रीला गुपचूप चोळते," असं तिनेच मावशीच्या कानात सांगितलं होतं. तेव्हापासून मावशी ताईकडे तिरप्या नजरेने बघायची. पूर्वी ताई कात्री मुठीकडून भिंगरीच्या हातात द्यायची आणि उरलेले तुकडे कापू द्यायची. आता भिंगरी जवळ आली की ती कात्री लांब सरकवायची.

"आपण तिला रंगेहाथ पकडू!" भिंगरीचा धाकटा भाऊ ढब्बू म्हणाला.

"आधी पुरावा!" शेजारचा चष्मिस म्हणाला. हा प्राणी बिस्किटसुद्धा दोन्ही बाजू तपासून खायचा.

दुपारी दुकान बंद करताना ताईने ती चिंधी बाहेर काढली. चष्मिसने सरळ नाक पुढे केलं. "हे तर मशीनचं तेल आहे!"

"मग? कात्री गंजू नये म्हणून आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मग तेलाचा हात फिरवायचा," ताई म्हणाली.

"पण गुपचूप का?" भिंगरीने विचारलं.

"गुपचूप कुठे? त्यासाठी काय ढोल वाजवू?" ताईने कात्री खणात ठेवली, डबा उचलला आणि ती जेवायला घरी निघून गेली.

भिंगरीचे कान गरम झाले. जी कात्रीची काळजी घेत होती, तिच्याच पोटावर तिने पाय आणला होता!

"ए, हे बघ!" ढब्बू खणात डोकावून ओरडला. खणाच्या तळाशी बारीक काळी भुकटी पडली होती. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं. भुकटी टुणकन त्याला चिकटली!

"लोखंडाचा कीस! कात्री कोणीतरी घासतंय!" चष्मिस कुजबुजला.

"कसली खुसुरफुसुर चालली आहे?" मागच्या दारात मावशीचे यजमान उभे होते. निवृत्त झाल्यापासून काकांना सल्ले देण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. "कात्रीचंच ना? अरे, हत्यार बिघडत नसतं. वापरणाऱ्याचा हात वाईट!"

काका गेले. भिंगरीने टेबलावरचा निळा खडू उचलला आणि कात्रीच्या मुठीला आतून घासघासून लावला. "आता जो कात्री धरेल, त्याचा अंगठा निळा!"

जेवणाच्या वेळी मावशीच्या सुरीखाली टोमॅटो चेंगरला, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. घास कसेबसे गिळून टोळी दुकानाच्या पुढच्या पायरीवर पहाऱ्याला बसली. एक मांजर आलं, त्याच्यावरही भिंगरीने संशय घेतला! बाकी कोणी फिरकलं नाही.

दुकान उघडलं, ताई परतली आणि भिंगरीने खण ओढला. मुठीवरचा खडू पुसला गेला होता!

"पण ताई तर इथे नव्हतीच!" ती ओरडली. "म्हणजे ताई नाही! मावशी, ताई नाही!"

तेवढ्यात काका चहाचा कप घेऊन मागच्या दाराने आले. अंगठा निळा, आणि पांढऱ्या मिशीवर निळा फराटा!

"काका, अंगठा दाखवा!"

काकांनी अंगठा पाहिला, मग सगळ्यांची तोंडं पाहिली. "अगं, मी तर रोज दुपारी धार लावतो! कात्री चालत नाही म्हणून तू ओरडायचीस, की मी आणखी जोर लावायचो!" त्यांनी खिशातून भलीमोठी कानस काढली.

मावशीने कात्री उघडली. पात्यांच्या आतल्या सपाट बाजूवर ओरखडेच ओरखडे होते. "आतून घासलीत? अहो, दोन पाती एकमेकांना चिकटून सरकतात म्हणून तर कापड कापलं जातं! मध्ये फट पडली की ते दुमडतं. आणि बोलणी मी या पोरीला खायला लावली!"

ती ताईसमोर गेली. "चुकले गं मी. तू कुठेही जायचं नाहीस."

"माझाच हात वाईट निघाला," काका पुटपुटले. मग चाचरत म्हणाले, "आणि... स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचंही आत्ताच सांगून टाकू का?"

"अगं बाई! म्हणून तो टोमॅटो!" मावशी किंचाळली. सगळे खो खो हसले. "शाबास रे पोरांनो! तुम्ही नसता तर मी हिऱ्यासारखी मुलगी घालवली असती."

भिंगरी मात्र हसली नाही. "ताई, मावशीला चिंधीचं मीच सांगितलं होतं," ती एका दमात बोलली. "मला माफ कर."

ताईने खराब झालेल्या लाल कापडाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी कात्री धारवाल्याकडून दुरुस्त होऊन आली. ताईने लाल कापडाचा एक तुकडा कापून पाहिला. कड सरळ आली. तिने कात्री कोरड्या फडक्याने पुसली, तेलाचा हात फिरवला आणि मूठ भिंगरीकडे करून ती पुढे धरली.

"घे. आता रोज हे काम तुझं."