नमुन्यांतली फाइल

आमचं काम सांगितलं की लोक जांभई देतात. व्हिडिओ आणि फोटो नाना तऱ्हांनी साठवलेले असतात. ते सगळे उघडणारं एकच सॉफ्टवेअर आम्ही बांधतोय. प्रत्येक तऱ्हेला वेगळं मॉड्यूल, म्हणजे कोडचा वेगळा तुकडा. कोणी एक ओळ जरी बदलली, तरी नमुन्याच्या सगळ्या फाइली आपोआप उघडून तपासल्या जातात, मगच बदल आत येतो. नियम माझा. त्याचा मला गर्व होता.

दादाला त्याच्या गोदामात कोणीतरी लोखंडी सळईने मारलं. तो वाचला, पण हॉस्पिटलात बेशुद्ध. तिथल्या कॅमेऱ्याची फाइल पोलिसांकडे कशातच उघडेना.

"दिवसभर हेच करतेस ना तू?" वहिनी फाइलची प्रत माझ्या हातात देत म्हणाली. "मग उघड की. मला त्याचा चेहरा बघायचाय."

मी मॉड्यूल लिहिलं, फाइल नमुन्यांत टाकली. चित्र उमटलं. दादा खोकी रचतोय. मागून माणूस येतो, कॅमेऱ्याकडे पाठ. सळई डोक्यात बसते, दादा कोसळतो, माणूस निघून जातो. चेहरा अंधारातच राहिला.

चेहऱ्यासाठी मॉड्यूलमध्ये रंग सुधारून पुन्हा उघडलं. या वेळी माणूस गेला नाही. त्याने सळई दोन्ही हातांनी उचलून दादाच्या गुडघ्यावर घातली. पाय उलटा वळला. आधी फाइल अर्धवट उघडली असणार, असं मी मनाला समजावलं.

दुपारी वहिनीचा फोन. "त्याचा गुडघा फुटलाय गं. सकाळी धड होता. डॉक्टरसुद्धा चक्रावलेत."

मी फाइल तपासली. एक अक्षर बदललेलं नव्हतं. पुन्हा ती उघडायची नाही, असा कानाला खडा लावला.

तासाभराने परत फोन. "बोटं चेचली त्याची! माझ्या डोळ्यांदेखत! खोलीत कोणी नाही!"

माझ्या शेजारी फोटोंची मॉड्यूलं लिहिणारा बसतो. त्याला आम्ही चुळबुळ्या म्हणतो, कारण त्याला कोडला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही.

"आत्ता काही बदललंस?"

"नुसती एक मोकळी ओळ काढली. का गं?"

"कोणीही कशाला हात लावू नका!" मी किंचाळले. सगळे हात वर करून हसले.

मी फाइल नमुन्यांतून काढली आणि बदल पाठवला.

पाठवल्यावर लक्षात आलं. काढणं हाही बदलच. नमुना गायब करून कोणी चूक लपवू नये, म्हणून काढण्याआधी तो शेवटचा उघडला जातो. तपासणी थांबवायला गेले, ती थांबेना.

पडद्यावर दादा पडलेला. माणसाने सळई उगारली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग तो खाली बसला. सळई दादाच्या गळ्यावर आडवी ठेवून त्याने अंगाचा सगळा भार दिला. दादाच्या टाचा फरशीवर घासत राहिल्या.

मग थांबल्या.

माणसाने त्याच्या छातीला कान लावला.

टेबलावर माझा फोन वाजायला लागला.

माणसाने डोकं उचललं, आणि आवाजाच्या दिशेने वळून पाहिलं.