कमी माणसांची बाजू

"खडकी, हवा सांगा."

"खडकी टेकडी. वारा नैर्ऋत्येचा, अंगाला चिकटणारा. ढग पांढरे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर चाललेत. गारा नाहीत, वीज नाही. संपलं."

बटण सोडून दिगूतात्या खुर्चीत मागे रेलले. खाली गावातून पखवाज जुळवल्याचा आवाज भोंग्यावरून वर येत होता. सप्ताहाचा आज शेवटचा दिवस आणि काल्याचं कीर्तन गहिनीबुवांचं. बुवांच्या मागे पेटीवर तात्याच, हे आजूबाजूच्या दहा गावांना ठाऊक. पण आज पेटी दुसऱ्याच्या हातात होती. चैत्रातलं असलं आभाळ सोडून खाली बसणं तात्यांच्या जिवाला मानवलं नसतं. बुवा हसून म्हणाले होते, "तात्या, आज तुमची सेवा वरच्या मजल्यावर. आम्ही हरीला आळवतो, तुम्ही त्याच्या ढगांकडे बघा."

दिगंबर म्हेत्रे आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्ती शिकवून निवृत्त झाले, तेव्हा हौशी बिनतारी संचाचा परवाना त्यांच्या खिशात होता. हवेचा अंदाज देणाऱ्या ऋतुकेंद्राने ढगराखे नेमायला सुरुवात केली आणि त्यांनी आपलं नाव दिलं. सरकारी कागदावर 'स्वयंसेवी हवा-निरीक्षक' असं लांबलचक नाव होतं. पण पिकाला राखणदार असतो तसा ढगाला, म्हणून लोक ढगराखेच म्हणत. पगार नाही. टेकडीवर पत्र्याची खोली, बॅटरी, संच, दुर्बीण आणि काठीला ताणलेली तार, एवढाच संसार.

रडार असताना माणूस कशाला, असं पुष्कळजण विचारत. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल. जितकं लांब जावं तितकी जमीन किरणाखालून वळत जाते आणि ढगाचा तळ त्याच्या नजरेतून सुटतो. गारा पडतात त्या तळातून. शिवाय वीज कडाडली की मोबाइलचे टॉवर आधी माना टाकतात. अशा वेळी तारेवरचा हा जुना संच तेवढा बोलत राहतो.

पण नुसतं सांगून काय होणार? पूर्वी काही होत नसे. आता टिचकी होती.

टिचकी म्हणजे काय, ते डॉक्टर निकहत मुजावर यांनी ढगराख्यांच्या पहिल्या शिबिरात समजावलं होतं. केंद्रातल्या या बाई बोलायला अगदी सरळ. जिल्ह्यात मैलोगणती सौर शेतं पसरलेली. सगळी सौर पटलं एकदम कलती केली की एका पट्ट्यातली जमीन तापते, शेजारची थंडावते. तापलेल्या पट्ट्यावरून हवा वर चढते. गारांचा ढग कोवळा असतो तेव्हा अशा गरम हवेच्या ओढीने त्या बाजूला झुकतो. "कोवळा आहे तोवरच," बाई म्हणाल्या होत्या. "एकदा वाढला की जगातली सगळी वीज लावली तरी तो ऐकणार नाही."

"कळलं," तात्या मागच्या बाकावरून म्हणाले होते. "बुवा सूर लावत असतात तेव्हा पेटीवाल्याने पट्टी जरा चढी दिली, तर सगळं कीर्तन त्या पट्टीत जातं. गजर सुरू झाल्यावर मात्र पेटीवाला कितीही आपटला तरी कुणी ऐकत नाही."

बाई खूश झाल्या. "तात्या, पुढचं शिबिर तुम्हीच घ्या."

"एक विचारू? ढग लोटायचा म्हणजे दुसऱ्या कुणावर तरी लोटायचा."

"ओसाड माळावर, खाणीवर, तलावावर. माणसांवर लोटायचा नाही, हा पहिला नियम."

तेवढ्यावर तात्यांचं समाधान झालं होतं. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या शब्दावर पाच-सहा ढग वळले आणि सगळे गेले ते खडकाळ माळावर, जिथे घाणेरीच्या झुडपांखेरीज कुणाचं काही बिघडलं नाही.

कीर्तन रंगात आलं. पूर्वरंग संपवून बुवा गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते: कुणाची भाकरी, कुणाचं ताक, कुणाची नुसती चटणी, आणि देव म्हणतो, सगळं एकात कालवा, कमीजास्त बघू नका. मंडपातला हशा वरपर्यंत ऐकू आला. तात्यांची बायको सिंधूताई दहीकाल्याच्या पातेल्यांपाशी असणार. लेक वैजू माहेरी आलेली, तीही तान्हीला मांडीवर घेऊन बायकांत बसलेली.

दुर्बीण फिरवताना तात्यांचा हात थांबला. नैर्ऋत्येचा एक ढग बाकीच्यांना मागे टाकून उभा राहिला होता. माथा अजून पांढरा, पण तळ हिरवट काळा. त्यातून सतत गुरगुर येत होती, जात्यात दगड भरडल्यासारखी. पोटात गारा एकमेकींवर आपटत होत्या.

"खडकी, तातडीचं. नैर्ऋत्येला एकटा ढग, तळ हिरवा, आतून गुरगुर. तोंड आमच्या गावाकडे."

पलीकडून मुजावरबाईच बोलल्या. "दिसला, तात्या. वरची बाजू दिसली. लिंबाएवढ्या गारा निघतील. सरळ आला तर तुमच्या मंडपावर."

"मंडप रिकामा करायला सांगू?"

"किती माणसं आहेत?"

"काल्याचं कीर्तन आहे, बाई. हजारांनी आहेत. वर कापड, दोन वाटा. पळा म्हटलं तर गारांआधी चेंगराचेंगरीच होईल."

"मग टिचकी. डावीकडे झुकवता येईल, अजून कोवळा आहे. पण तिकडचा मोबाइलचा टॉवर बंद पडलाय, माळावर फोन किती, माणसं किती ते टिचकी ठरवणाऱ्या यंत्राला कळत नाही. तुम्हाला काय दिसतंय?"

तात्यांनी दुर्बीण डावीकडे वळवली. दिसणार काय, ते त्यांना आधीच माहीत होतं.

माळाच्या कडेला धुळाप्पाचा तळ पडला होता. सुगी झाली की तो मेंढरं घेऊन यायचा, लोकांच्या रानात बसवायचा आणि धान्य घेऊन पुढे जायचा. परवाच तात्या तिथे थांबले होते. धुळाप्पाच्या बायकोने, ठकूबाईने, मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा पाजला होता आणि म्हणाली होती, "बुवांचं किर्तन हितवर ऐकू येतं बगा. पातळाला शेण लागलेलं, मांडवात कशाला जायाचं? हितनंच टाळ्या पिटतो."

आता दुर्बिणीत त्यांच्या घोंगड्यांच्या पालांचे राखी ठिपके दिसत होते. एक बाई वाकून काहीतरी निवडत होती. दोन पोरं कोकरामागे पळत होती.

या घडीला हे जगात एकट्या तात्यांना दिसत होतं. 'माळ मोकळा' असे दोन शब्द बोलले की ढग तिकडे जाणार, मंडप वाचणार, वैजू वाचणार. खरं सांगितलं तर नियमाप्रमाणे टिचकी थांबणार आणि गारा यायच्या त्या मंडपावर येणार. खाली बुवांनी गजर धरला. टाळ्यांचा आवाज वाढत गेला, आणि तात्यांना उगाच वाटलं, की त्यात वैजूने तान्हीचे हात धरून वाजवलेली टाळीही आहे.

"खडकी, ऐकू येतंय का? वेळ नाही."

"खडकी." त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "माळ मोकळा नाही. मेंढपाळांचा तळ आहे. माणसं बारा-पंधरा. लेकरं आहेत त्यात. संपलं."

त्यांनी डोळे मिटले. हरी, आता तुझा मंडप तू सांभाळ, एवढंच मनात आलं.

संच क्षणभर खरखरला.

"नोंद झाली. टिचकी दिली."

"अहो, काय दिली?" तात्या ताडकन उठले. "माणसं आहेत म्हणून सांगितलं ना मी! नियम काय तुमचा?"

"नियम तोच आहे, तात्या." बाईंचा आवाज खाली आला होता. "पण दोन्हीकडे माणसं असली, तर यंत्र कमी माणसांची बाजू धरतं. ढग तिकडे देतं. आता परतवता येत नाही. तुम्ही तळावर जा. लवकर जा."

तात्यांनी संच तसाच चालू टाकला. मोटारसायकल उतारावरून अक्षरशः सोडून दिली. वाटेत पहिले टपोरे थेंब पाठीत बसले. ते ओरडत तळावर पोचले तेव्हा आभाळ डोक्यावर आलं होतं. "धुळाप्पा, मोरीत! सगळे मोरीखाली!" ओढ्यावरच्या रस्त्याच्या मोरीत पोरं कोंबली, म्हाताऱ्याला ओढलं, बाया शिरल्या. गारा सुरू झाल्या तेव्हा आवाजाने कानठळ्या बसल्या. तेवढ्यात जाळीत बांधलेली कोकरं आठवली आणि ठकूबाई बाहेर धावली. धुळाप्पा तिच्या मागे निघाला, त्याला तात्यांनी कमरेला मिठी घालून धरून ठेवलं.

आभाळ मोकळं झालं तेव्हा माळ पांढरा पडला होता. मेंढरं जागच्या जागी आडवी झाली होती. ठकूबाई जाळीवर पालथी पडलेली, आणि तिच्या पोटाखाली तीन कोकरं जिवंत होती.

मंडपावर चार थेंबसुद्धा पडले नाहीत. काला फुटला, प्रसाद वाटला, सगळं यथासांग पार पडलं.

पुढच्या आठवड्यात मुजावरबाई गाडी काढून टेकडीवर आल्या. बराच वेळ दाराशीच उभ्या राहिल्या.

"आत या," तात्या म्हणाले. "तुमचा काय दोष?"

"एक सांगायला आले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते." त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "जिथलं काहीच माहीत नाही तिथे यंत्र ढग पाठवत नाही. अज्ञात जागेत एक माणूस असेल किंवा शाळा भरली असेल. धोका नको म्हणून ते थांबतं. तुम्ही 'दिसत नाही' म्हणाला असतात, तर टिचकी दिली गेली नसती."

तात्यांना ते समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे मी ती आहेत म्हणून सांगितलं, म्हणूनच..."

"आकडा मिळाला, म्हणून हिशेब करता आला."

"खोटं बोललो असतो, मोकळा म्हणालो असतो, तरी तिकडेच गेला असता."

"हो."

"आणि खरं बोललो तरी तिकडेच."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मंडपात किती गेले असते, त्याचा अंदाज यंत्राने काढून ठेवलाय. सांगू?"

"नको," तात्या म्हणाले. "त्यात माझी नात असेल."

गावाने तात्यांचा सत्कार ठरवला. त्यांनी नको म्हटलं, पण गाव ऐकेना. देवळात बुवांनी स्वतःच्या हाताने शाल घातली आणि भोंग्यावरून भरल्या गळ्याने म्हणाले, "हरीनं ढग वळवला! तात्यांच्या मुखानं तोच बोलला!" बुवा मनापासून बोलत होते. आजवर अशा वाक्याला तात्यांच्या डोळ्यांत हटकून पाणी यायचं. त्या दिवशी ते खाली मान घालून पेटीच्या पट्ट्यांकडे बघत बसले. गारपीट आली की वाडवडील अस्मानी म्हणायचे, कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. देवाने केलेलं माणूस कसंबसं सोसतो. हे कुणी केलं म्हणायचं?

दोन दिवसांनी धुळाप्पा टेकडी चढून आला. घोंगडं खांद्यावर, काठी हातात. पाणी पिऊन तो उंबऱ्याशी उकिडवा बसला.

"उद्या तळ हलवतोय. म्हनलं, सांगून जावं."

"बरं केलंस."

"भोंग्यावर बुवा म्हनले, ढग वळवला म्हनून. खरं हाय का ते?"

"खरं आहे."

"द्येवानं?"

तात्यांना हो म्हणता आलं असतं. त्या माणसाला सोसायला तेवढं पुरलं असतं, हेही त्यांना कळत होतं. पण त्यांनी सगळं सांगितलं. सौर शेतं, टिचकी, यंत्र आणि आपण बोललेले शब्द. धुळाप्पा काठीच्या टोकाने मातीत रेघा ओढत ऐकत राहिला.

"आमी किती सांगितलंसा?"

"बारा-पंधरा."

त्याने बोटांची पेरं मोजली. "चौदा व्हतो. बराबर सांगितलंसा." थोडं थांबून म्हणाला, "मला धरून ठिवलंसा, ते काय गणतीत बसलं नसंल."



धुळाप्पा उठला, घोंगडं झटकलं. त्याच्या आवाजात ना राग होता ना रडू. बाजारात भाव विचारावा तसं त्याने विचारलं.

"तात्या, किती मानसं असली म्हंजी वळवत न्हाईत?"

"ते... पलीकडे किती आहेत त्यावर असतं रे."

"मग तेवढं इचारून ठिवा. पुढल्या साली भावकी, पावनं धरून तेवढी गोळा करून आनतो."

तो टेकडी उतरू लागला. वारा पडला होता, ऊन लख्ख होतं. खालच्या माळावर पालं मोडत असलेली माणसं वेगवेगळी मोजता येत होती. गावात कुणीतरी पाळणा हलवत असावं, कडीचा आवाज वर येत होता.

संच खरखरला.

"खडकी, हवा सांगा. आणि माळावर किती माणसं आहेत तेही सांगा. आता रोजच्या नोंदीत धरलंय."

तात्यांनी दुर्बीण उचलली नाही. गावाकडेही बघितलं नाही. उतरत जाणाऱ्या धुळाप्पाच्या पाठीवर नजर ठेवून त्यांनी बटण दाबलं.

"खडकी टेकडी. आभाळ निरभ्र. माळ दिसत नाही. संपलं."